सावित्री नदी

सावित्री नदी : महाराष्ट्राच्या रायगड (१ जानेवारी १९८१ पूर्वीचे नाव कुलाबा) जिल्ह्याच्या दक्षिण भागातून वाहणारी पश्चिमवाहिनी नदी. लांबी सु. १०० किमी. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर येथे सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पोलादपूर व महाड या गावांवरून ती वाहत जाते आणि उत्तरेस हरिहरेश्वर व दक्षिणेस बाणकोट यांच्या दरम्यान अरबी समुद्रास मिळते. मुखाकडील भागात तिच्या खाडीने रायगड व रत्नागिरी या जिल्ह्यांची सीमा आखली आहे.

क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. ब्रह्मदेवाने सावित्रीची वाट न पाहता गायत्रीस शेजारी बसवून यज्ञ आरंभिला. रागावलेल्या सावित्रीने देवांना नद्या होण्याचा शाप दिला आणि ती स्वतःही नदी होऊन पश्चिमेकडे निघून गेली, अशी पुराणकथा आहे. कथा काहीही असो, तिच्यात एक भौगोलिक सत्य नेमके टिपलेले आहे. कौलारू घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस अंगणात उतरणार की परसात, हे वीतभर अंतरावरून ठरते. सह्याद्रीचा माथा हे असेच एक आढे होय. पूर्वेच्या उतारावरील कृष्णा तेराशे-चौदाशे किमी. प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. पश्चिमेच्या कड्यावरून उतरणाऱ्या सावित्रीला समुद्र गाठावयास त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वाट पुरते.

या आखूड वाटेतच सावित्रीचा स्वभाव आणि तिच्या खोऱ्याचा इतिहास दडलेला आहे. उगमापासून पोलादपूरपर्यंत काही कोसांतच ती हजार मीटरहून अधिक खाली येते. आर्थर सीट या टोकावरून तिच्या या खोल दरीचे दर्शन होते. पोलादपूरनंतर उतार एकदम मंदावतो. महाडजवळ रायगडाच्या बाजूने येणारी गांधारी व त्याखाली दासगावजवळ काळ नदी तिला मिळते. समुद्र येथून नदीमार्गे सु. ५० किमी. दूर असला, तरी भरतीचे पाणी महाडपर्यंत चढते. डोंगरातून धावत आलेली नदी आणि समुद्रातून चढत येणारी भरती यांची गाठ महाडच्या परिसरात पडते. या गावाचे भाग्य व दुर्भाग्य दोन्ही या गाठीशी बांधलेले आहे.

भाग्य प्रथम पाहू. शिडाची लहान गलबते भरतीबरोबर महाडपर्यंत येत, मोठी खालीच थांबत. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून येथवर उतरे व पुढे जलमार्गाने जाई. महाडजवळील पाले (गांधारपाले) व कोल येथील बौद्ध लेणी या वाहतुकीच्या प्राचीनतेची साक्ष देतात. पाले येथील एका लेखात काणभोज विण्हुपालित या कुमाराचे नाव आले आहे. शिवकालात या खोऱ्याला राजकीय महत्त्व आले. जावळी घेतल्यानंतर बांधलेला प्रतापगड पारघाटाच्या वाटेवर नजर ठेवतो, तर १६७४ मध्ये जेथे राज्याभिषेक झाला त्या रायगडाच्या पायथ्याकडील पाणी गांधारी व काळ यांच्या वाटे सावित्रीसच मिळते. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. शिवभारतकार कवींद्र परमानंदाची समाधी पोलादपूर येथे दाखवितात.

घाटावरून निसटून समुद्र गाठण्याची वाट म्हणूनही महाडचा उपयोग झाला. १७९६ च्या पेशवाईच्या वारसाकलहात नाना फडणीसाने महाडचा आश्रय घेतला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकराकडून पराभव होताच दुसरा बाजीराव महाडला आला आणि तेथून त्याने मुंबईकर इंग्रजांकडे संधान बांधले. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. नदीच्या मुखावरील बाणकोट तर त्याआधीच, १७५६ मध्ये, इंग्रजांकडे गेले होते. बाणकोटच्या किल्ल्याचे नाव त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया असे ठेवले. महाडच्या खालचे दासगावही त्यांच्या ताब्यात आले.

भरतीचे पाणी खारे. अशा गावात गोड्या पाण्याच्या तळ्याचे मोल वेगळेच असते. महाडचे चवदार तळे नावानेच ते सांगते. पण ते पाणी सर्वांसाठी नव्हते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडला व तो संमत झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात काही बदलले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा हक्क मान्य केला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली.

दुर्भाग्य पुराचे. महाबळेश्वरची वार्षिक पर्जन्याची सरासरी ५०० सेंमी.हून अधिक आहे. त्यातील पश्चिम उताराचे पाणी तीव्र उतारामुळे काही तासांत महाडला पोहोचते. त्याच वेळी खाडीत भरती असेल, तर पुढे जावयास जागा नसते व पाणी बाजारपेठेत शिरते. उतार मंदावल्यामुळे डोंगरातील माती व दगडगोटे येथेच साचून पात्रात बेटे तयार होतात, हे दुसरे कारण. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत पुराबरोबर दरडीही कोसळल्या. जुई, दासगाव, कोंडिवते व रोहन या गावांत मिळून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरील १९२८ मध्ये बांधलेला दगडी कमानींचा पूल पुरात कोसळून दोन एसटी गाड्या व काही वाहने प्रवाशांसह वाहून गेली. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी चोवीस तासांत सु. ५९ सेंमी. पाऊस झाला, महाड पाण्याखाली गेले आणि २२ जुलैला तळिये येथील दरडीखाली ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पुढील वर्षांत पात्रातील गाळ व बेटे काढण्याचे काम हाती घेण्यात आले. ते आवश्यकच होते. मात्र डोंगराची माती सुटत राहिली, तर हे काम कधीच संपणार नाही.

औद्योगिक विकास महामंडळाच्या महाड वसाहतीमुळे या खोऱ्यात रसायने, रंग व औषधे यांचे कारखाने आले आणि तालुक्याबाहेर मुंबईकडे जाणाऱ्या अनेकांना गावाजवळ रोजगार मिळाला. कारखान्यांचे सांडपाणी सामाईक केंद्रात शुद्ध करून नळाने खाडीत सोडले जाते. तथापि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात सोडलेले पाणी एकाच दिशेने समुद्राकडे जात नाही. ओहोटीने खाली गेलेला अंश भरतीबरोबर परत वर येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सावित्रीचा दादली ते मुठवली हा भाग प्रदूषित नदीपट्ट्यांत नोंदविला असून, मासे कमी झाल्याची तक्रार खाडीकाठचे मच्छीमार करीत आले आहेत. दादलीचा पूल महाडच्या वेशीवरच आहे. महाडच्या आसपास नदीत मगरीही आहेत. ऊन चढले, की त्या काठावरील चिखलात व खडकांवर पडलेल्या दिसतात.