अरणगावची समाधी आणि एक इंग्रजी ध्वनिमुद्रिका

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) शहराच्या दक्षिणेस, दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर अरणगाव आहे. त्या गावालगतच्या मेहेराबादचा उल्लेख जिल्ह्याच्या धार्मिक इतिहासात येतो. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासाशीही या स्थळाचा संबंध आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. पीट टाउनशेंड या इंग्रज गायक-वादकाची ‘हू केम फर्स्ट’ ही १९७२ मधील ध्वनिमुद्रिका या संबंधाचा मुख्य पुरावा होय.

मेहेरबाबा म्हणजेच मेरवान शेरियार इराणी. त्यांचा जन्म १८९४ मध्ये पुण्यास झाला. साकोरीचे उपासनी महाराज हे त्यांचे एक गुरू. म्हणजे या जिल्ह्याशी त्यांचे नाते मेहेराबादच्याही आधीचे आहे. पहिल्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या ओसाड जागेवर १९२३ मध्ये मेहेराबादची वसाहत सुरू झाली. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देहावसान होईपर्यंत. प्रथम अक्षरफलकाच्या आणि १९५४ नंतर केवळ हातांच्या खुणांच्या साहाय्याने ते संवाद साधीत. तथापि हा मौनी पुरुष संगीताचा चाहता होता. कव्वालीबरोबरच काही इंग्रजी गाणीही त्यांना प्रिय होती. त्यांचा देह समाधीत ठेवला असता, त्यांच्या इच्छेनुसार, कोल पोर्टर या अमेरिकन संगीतकाराचे ‘बिगिन द बिगीन’ हे गीत वाजविण्यात आले.

टाउनशेंड हा ‘द हू’ या लंडनच्या रॉक वाद्यवृंदाचा गीतकार आणि गिटारवादक. वृंदाचा मुख्य गायक रॉजर डाल्ट्री असला, तरी टाउनशेंडही गात असे. १९६७-६८ च्या सुमारास चित्रकार माइक मॅकिनर्नी याच्याकडून त्याला मेहेरबाबांची माहिती मिळाली. पाश्चात्त्य तरुणवर्गात त्या काळी मादक द्रव्यांना आध्यात्मिक अनुभवाचे साधन मानण्याची प्रवृत्ती बळावली होती. मेहेरबाबांनी ही समजूत स्पष्ट शब्दांत नाकारली होती, आणि टाउनशेंडने ती द्रव्ये सोडली. ‘पूर्वेकडील गूढवाद’ आणि व्यसन यांची जी सांगड त्या पिढीच्या संदर्भात सरसकट घातली जाते, ती या उदाहरणास लागू पडत नाही.

१९७०-७१ मध्ये टाउनशेंडने ‘लाइफहाउस’ नावाची एक योजना आखली. तिच्यामागे मेहेरबाबांच्या शिकवणीबरोबरच बडोद्यात जन्मलेले सूफी संगीतज्ञ इनायत खाँ यांचे नादविषयक विचारही होते. व्यक्तीची माहिती सिंथेसायझर या विद्युत्‌-वाद्यास पुरवावी आणि त्यातून त्या व्यक्तीचे स्वतःचे संगीत निर्माण व्हावे, अशी ती कल्पना होती. योजना तडीस गेली नाही. तिचे अवशेष १९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’ या ध्वनिमुद्रिकेत आढळतात. तिच्यातील ‘बाबा ओरायली’ या गीताचे नाव मेहेरबाबा आणि अमेरिकन संगीतकार टेरी रायली या दोघांवरून घेतलेले आहे. या रायलीने किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्यत्व पत्करले होते.

या गीताच्या आरंभीचा आवर्ती नाद म्हणजे यंत्राने सुरांत उतरविलेले मेहेरबाबांचे चरित्रच होय, असे पुष्कळदा सांगितले जाते. येथे संकल्प आणि सिद्धी यांत भेद करावयास हवा. प्रत्यक्ष ऐकू येणारा तो नाद प्रामुख्याने टाउनशेंडने लाउरी ऑर्गनवर, त्यातील पुनरावर्तनाच्या सोयीने, स्वहस्ते वाजविलेला आहे. यंत्राने चरित्र गायिले नाही; भक्ताने यंत्र वाजविले.

टाउनशेंडला गुरूचे प्रत्यक्ष दर्शन कधीच घडले नाही. १९७२ च्या आरंभी तो मेहेराबादेस आला तो समाधीच्या दर्शनास. त्याच वर्षी ‘हू केम फर्स्ट’ प्रसिद्ध झाली. ती त्याची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका मानली जाते. पण तिच्यातील काही भाग त्यापूर्वी मेहेरबाबांच्या अनुयायांसाठी मर्यादित प्रतींत काढलेल्या ध्वनिमुद्रिकांतून घेतलेला होता. घरातील ध्वनिमुद्रण-कक्षात गिटार, सिंथेसायझर आदी वाद्ये आणि स्वतःचा कंठ एकावर एक मुद्रित करून त्याने आपली बहुतेक गीते एकट्याने सिद्ध केली. वृंदावाचून वृंदाचा परिणाम साधणे नव्या साधनांमुळे शक्य झाले होते.

परंतु साधन एकट्याचे असले तरी आशय एकट्याचा नव्हता. नऊ गीतांपैकी एक रॉनी लेन याचे, एक बिली निकोल्स याचे. दोघेही त्याच भक्तमंडळातील. जिम रीव्ह्जने गायिलेले एक गीतही त्यात आहे, आणि ते मेहेरबाबांच्या आवडीचे होते. शेवटचे गीत ‘परवरदिगार’. मेहेरबाबांनी १९५३ मध्ये डेहराडून येथे अक्षरफलकावरून सांगितलेल्या प्रार्थनेचे ते संगीतरूप होय. फारसीत या शब्दाचा अर्थ पालनकर्ता असा आहे.

पाश्चात्त्य संगीतात वृंदातील गायकाची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका ही सामान्यतः त्याच्या स्वत्वाची घोषणा समजली जाते. येथे क्रम उलटा दिसतो: वृंदाबाहेर पडण्याचे स्वातंत्र्य गायकाने स्वतःस गौण ठरविण्यासाठी वापरले. आपल्या वारकरी परंपरेत अभंगाच्या अखेरीस कवीचे नाव येते, ते मालकी सांगण्यासाठी नव्हे, तर शरणागतीची साक्ष म्हणून. या ध्वनिमुद्रिकेवरील गायकाच्या नावाचा अर्थही याच दृष्टीने लावणे अधिक सयुक्तिक होय. जी प्रार्थना अरणगावच्या टेकडीवरील समाधीपाशी नित्य म्हटली जाते, तीच लंडनच्या एका घरातील यंत्रांतून जगापुढे गेली. जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासात या घटनेस स्थान असावयास हवे.