लुप्त वास्तूंच्या प्रतिकृति व प्रकाशाचा कंस

जीर्ण पोथीचें पान वाळवीनें खाल्लें असतां संपादक गळालेलीं अक्षरें अनुमानानें भरून काढतो. पण तीं चौकोनी कंसांत घालतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें इ. स. १९१९ मध्यें हातीं घेतलेल्या व १९६६ मध्यें पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ ओढलेली आहे. पोथी कोठें बोलते व संपादक कोठें बोलतो, हें त्या खुणेवरून वाचकास तत्काळ कळतें. जळालेल्या, पडलेल्या किंवा रंग गेलेल्या इमारतीची पुनर्रचना करणारास मात्र असा कंस सहसा सांपडत नसे. तो अलीकडे प्रकाशाच्या रूपानें सांपडला आहे, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें येथें देतों.

इमारतीची प्रमाणबद्ध प्रतिकृति हें साधन जुनें आहे. लंडनच्या सेंट पॉल मंदिराकरितां ख्रिस्तोफर रेन यानें इ. स. १६७३-७४ मध्यें ओक लाकूड व गिलावा यांची १ : २५ प्रमाणाची प्रतिकृति करविली. तिची लांबी सहा मीटरांहून अधिक आहे. पुढें मंदिर निराळ्याच आराखड्यावर बांधलें गेलें. ह्यास्तव जी इमारत कधींच उभी राहिली नाहीं, तिचा ती प्रतिकृति म्हणजे अस्सल दस्तऐवज होय. इटालो जिस्मोंदी यानें केलेली प्राचीन रोम शहराची प्रतिकृति निराळ्या जातीची आहे. १ : २५० प्रमाणाची ही गिलाव्याची नगरी इ. स. १९३७ च्या ऑगस्टसविषयक प्रदर्शनांत मांडली गेली व पुढेंही कित्येक वर्षें वाढत राहिली. तिला आधार उत्खननांचा, तसाच सम्राट सेप्टिमियस सेव्हरस याच्या काळीं संगमरवरावर कोरलेल्या नगर-नकाशाचा; परंतु त्या नकाशाचा सुमारें दशांशच आज उपलब्ध आहे. जेथें आधार तुटला तेथें सामान्य नमुन्याचीं घरें बसविणें भाग पडलें. तें अपरिहार्यच होतें. तथापि ज्याचा पाया खणून सांपडला तें देवालय आणि ज्याचा मागमूस नाहीं तें घर, दोन्ही सारख्याच निश्चयानें उभीं आहेत. गिलाव्यास 'कदाचित्' म्हणतां येत नाहीं.

आतां प्रकाशाकडे वळूं. चित्र पडद्यावर टाकणारा दीप हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्स यानें इ. स. १६५९ च्या सुमारास सिद्ध केला. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांच्या पुत्रांनीं इ. स. १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' ह्या नांवानें त्याचे खेळ सुरू केले. ह्या खेळांत पडदा सपाट असे. कोनाडे, कमानी व घुमट असलेल्या वस्तूवर चित्र टाकल्यास तें वेडेंवांकडें पसरतें. ही अडचण दूर करण्याच्या कामीं मूळचे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले रमेश रासकर यांचा मोठा वांटा आहे. त्यांनीं व त्यांच्या उत्तर कॅरोलिना विद्यापीठांतील सहकाऱ्यांनीं इ. स. २००१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ताजमहालाच्या पांढऱ्या प्रतिकृतीवर केवळ प्रक्षेपकांच्या साह्यानें रंग, पोत व छाया चढविल्या आहेत.

युक्ति अशी. प्रक्षेपक हा उलटा चालणारा कॅमेरा मानावयाचा. प्रतिकृतीवरील निदान सहा बिंदू, सर्व एकाच पातळींत नसलेले, मोजून घ्यावयाचे. प्रत्येकावर प्रकाशाचा ठिपका नेऊन बसवावयाचा व प्रक्षेपकाच्या चित्रांत तो कोठें होता तें टिपावयाचें. प्रत्येक बिंदूपासून दोन समीकरणें मिळतात व अज्ञातें अकरा असतात. म्हणून सहा बिंदू पुरतात. त्यांवरून प्रक्षेपकाची जागा, दिशा व भिंगाचें मान निघतें. मग संगणक मूळ चित्रच असें वांकवून देतो कीं, तें वस्तूवर पडतांच सरळ दिसावें. एका प्रक्षेपकाचा प्रकाश जेथें पोंचत नाहीं तेथें दुसरा लावावा लागतो. दोघांचे झोत जेथें एकावर एक येतात तेथें दोन्ही क्रमानें मंद करावे लागतात, नाहींतर सांधा उजळ दिसतो. प्रतिकृतीचें अंग पांढरें व चकाकीरहित हवें.

प्रत्यक्ष जुन्या वास्तूंवरही हा प्रयोग झाला आहे. फ्रान्समधील आमियें येथील तेराव्या शतकांतील मंदिराचे दरवाजे स्वच्छ करतांना पुतळ्यांवर जुन्या रंगांचे अंश आढळले, इ. स. १९९९ पासून तेथें रात्रीं ते रंग प्रकाशानें दाखविण्याचा उपक्रम सुरू झाला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांतील देंदूर येथील मिसरी देवालयाचे रंग नाईलच्या पाण्यांत बुडून धुऊन गेले होते. ब्लॅकमन यांच्या इ. स. १९११ मध्यें छापलेल्या पाहणीसारख्या साधनांवरून इ. स. २०१५-१६ मध्यें भिंतीवरील एका दृश्यास प्रकाशाचा रंग दिला गेला. दोन्ही ठिकाणीं मूळ दगडास कुंचला लागला नाहीं. जीर्णोद्धाराच्या उत्साहांत मूळ लेख पुसले गेल्याचीं उदाहरणें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस ह्या गोष्टीचें मोल सांगणें नको.

आतां घरचें उदाहरण घेऊं. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया इ. स. १७३० मध्यें घातला गेला, इ. स. १८२८ च्या आगींत आंतील इमारती नष्ट झाल्या. तट, दिल्ली दरवाजा, जोतीं व कारंजीं राहिलीं. त्याची प्रतिकृति करावयाची झाल्यास जें आज मोजतां येतें तेवढेंच लाकडांत किंवा गिलाव्यांत कायमचें घडवावें. जोत्यांवरील दालनांकरितां साधे पांढरे ठोकळे सुटे ठेवावे. कारण ठोकळ्याची उंची हेंही अनुमानच, आणि मजल्यांविषयीं मतभेद असल्यास निराळ्या उंचीचा ठोकळा बसवितां आला पाहिजे. खांब, महिरपी, नक्षी व रंग हीं सर्व प्रकाशानें दाखवावीं. त्यांत ज्यास समकालीन कागदाचा आधार आहे तें ठळक असावें, जें दुसऱ्या वाड्यांवरून ताडलें तें फिकें असावें, आणि जें निव्वळ कल्पनेचें तें केवळ रेघांनीं दाखवावें. प्रत्येक भागाचा आधार कोणता, ह्याची यादी शेजारीं असावी. नवा कागद उजेडांत आल्यास प्रतिकृति फोडण्याचें कारण नाहीं. चित्र बदललें कीं झालें.

ह्या साधनांत धोकाही आहे, आणि तो लहान नाहीं. उजळ चित्र पाहणाऱ्याच्या मनावर लेखी टीपेपेक्षां अधिक ठसतें. तमाशाच्या भरांत फिकें व ठळक हा भेद गाळला, तर हाच प्रकाश गिलाव्याहूनही मोठी दिशाभूल करील. म्हणून प्रयोग दाखविणारानें आरंभीं व अखेरीस दीप मालवून नुसती प्रतिकृति पाहणारांस दाखविण्याचा नियम पाळावा, असें आम्ही सुचवितों. अंधार झाल्यावर जें हातास लागतें तें सिद्ध, बाकीचें कंसांतील.