येजितखत, जबानी आणि अपील

आमच्या बहुतेक वाचकांच्या दप्तरांत एखादें तरी येजितखत असेलच. निवाडा झाला म्हणजे हरलेल्या पक्षाकडून हें लिहून घेत, हेतु हा कीं त्यानें तो वाद पुन्हां उकरूं नये. तथापि एका थळीं हरलेला वादी दुसऱ्या थळाची मागणी करी, हेंही जुने कागदच सांगतात. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत तर याहून पुढची पायरी आहे: नीट न पाहिलेले व्यवहार राजानें पुन्हां पाहावे आणि जिंकलेल्या पक्षासह सभ्यांस विवादाच्या दुप्पट दंड करावा. अधिकाऱ्यासही चुकीची झळ लागावी, ही कल्पना आम्हांस मोठी मार्मिक वाटते.

हा विषय काढण्याचें कारण, परदेशांतून मादक द्रव्यें आणण्याच्या कटांचे खटले. बेलवली हें बदलापुरानजीकचें गांव ठाणे जिल्ह्यांत मोडतें. या जिल्ह्यांतील विशेष न्यायालयानें कोणास दोषी ठरविलें तर त्याचें अपील मुंबईच्या उच्च न्यायालयांत चालतें. मूळ कायदा 1985 चा. त्यांतील कलम 23 आयातीचें व कलम 29 कटाचें. कटांत सामील झालेल्यास मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. कटवाल्याच्या हातीं मात्र पुष्कळदां माल सांपडत नाहीं. सांपडतो तो दुसराच, आणि त्याच्या जबानींत याचें नांव येतें.

1989 पासून अंमलांत आलेल्या कलम 32-अ नें शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकारच काढून घेतला होता. मोठ्या गुन्ह्यास किमान दहा वर्षांची कैद, आणि अपिलाची सुनावणी वर्षानुवर्षें लांबणीवर! निर्दोष ठरल्याचा हुकूम तुरुंगाचीं वर्षें भोगून झाल्यावर हातीं पडला तर त्या अपिलास अपील तरी कां म्हणावें? महाराष्ट्र राज्य प्रतिवादी असलेल्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें 12 ऑक्टोबर 2000 रोजीं तें कलम तेवढ्यापुरतें घटनाबाह्य ठरविलें. शिक्षा माफ किंवा कमी करण्यावरील बंदी राहिली, आणि स्थगितीलाही कलम 37 ची कडक चाळणी लागते: अर्जदार दोषी नसल्यास सबळ कारण आहे व सुटल्यावर तो पुन्हां गुन्हा करणार नाहीं, अशी न्यायालयाची खात्री पटली पाहिजे.

जबानीचा प्रश्न मात्र आणखी वीस वर्षें राहिला. कलम 67 खालीं तपास अधिकाऱ्यापुढें दिलेल्या कबुलीवर दोषसिद्धि होत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या तिघां न्यायाधीशांपैकीं दोघांनीं 29 ऑक्टोबर 2020 रोजीं ठरविलें कीं असे अधिकारी पुराव्याच्या कायद्यासाठीं पोलीसच होत, म्हणून ती कबुली पुराव्यांत घेतां येत नाहीं. तिसऱ्यांचा मतभेद होता; पण आमचें मत बहुमताकडे झुकतें. शिक्का आणि सही पाहून कागद कोणापुढें लिहिला हें कळतें, कोणत्या दडपणाखालीं लिहिला हें कळत नाहीं. बनावट महजर व जबरीचीं लेखीं पारखणाऱ्या आमच्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको.

येजितखत दिल्यानंतरही पुन्हां उभ्या राहिलेल्या वादाचे कागद कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांची नक्कल पाठवावी. विशेषतः पहिला निवाडा करणाऱ्यांस दंड झाल्याचा एखादा उल्लेख सांपडला तर तो आम्हांस अवश्य हवा आहे.