राष्ट्रपतींचा आदेश म्हणजे काय? मुक्तीनंतरचा गोवा, १९५० ची यादी आणि आपला दाखला

जातीचा दाखला किंवा पडताळणीचा अर्ज भरताना आपल्या मुलामुलींना एक तारीख हमखास भेटते : १० ऑगस्ट १९५०. त्या तारखेपूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा आणा, असे सांगितले जाते. ही तारीख कुठून आली, हे मात्र कोणी सांगत नाही. त्या दिवशी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी 'संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५०' काढला. आपल्या शिष्यवृत्तीपासून नोकरीपर्यंतचे कागद आजही त्या एका आदेशाला बांधलेले आहेत.

गगनबावड्यात काम करताना आमच्यासमोर या प्रश्नाची दुसरी बाजूही येते. करूळ किंवा भुईबावडा घाट उतरून वैभववाडीमार्गे गोव्यात कामाला जाणारी आमच्या भागातली मुले आहेत. त्यांतली काही तिथेच स्थायिक होतात. मग "आमचा दाखला तिकडे चालेल का?" हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर शोधताना गोव्यावर लागू झालेले राष्ट्रपतींचे आदेश वाचावे लागतात. लष्करी कारवाईनंतर एखाद्या प्रदेशाचा कारभार राष्ट्रपतींच्या सहीने कसा उभा राहतो, याचे मराठी मुलखाच्या सर्वांत जवळचे उदाहरण गोवा हेच आहे. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

सही एक, कागद तीन

वर्तमानपत्रे सगळ्यालाच 'राष्ट्रपतींचा आदेश' म्हणतात. संविधानात मात्र हे कागद वेगवेगळे आहेत.

अध्यादेश (अनुच्छेद १२३) : संसद चालू नसताना काढलेला तात्पुरता कायदा. संसद पुन्हा भरल्यावर तो तिच्यापुढे ठेवावा लागतो आणि मंजुरी न मिळाल्यास सहा आठवड्यांनी संपतो.

विनियम (अनुच्छेद २४०) : ठरावीक केंद्रशासित प्रदेशांसाठी राष्ट्रपती करतात ते नियम. त्यांना संसदेच्या कायद्याइतकेच बळ असते. तिथे लागू असलेला संसदेचा कायदाही विनियमाने बदलता किंवा रद्द करता येतो.

अनुच्छेद ३४१ खालील आदेश : त्या त्या राज्यात किंवा केंद्रशासित प्रदेशात अनुसूचित जाती कोणत्या, याची यादी. राज्याच्या बाबतीत राज्यपालांशी विचारविनिमय करून राष्ट्रपती ती जाहीर करतात. एकदा जाहीर झालेली यादी राष्ट्रपतींनाही दुसऱ्या अधिसूचनेने बदलता येत नाही. तो अधिकार फक्त संसदेचा.

या तिन्ही ठिकाणी सही राष्ट्रपतींची असली तरी निर्णय मंत्रिमंडळाचा असतो (अनुच्छेद ७४). त्यामुळे जबाबदारी विचारायची ती निवडून आलेल्या सरकारला.

१९ डिसेंबर १९६१ नंतरचा गोवा

'ऑपरेशन विजय'नंतर १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. १५१० पासूनची सत्ता संपली. मेजर जनरल के. पी. कँडेथ लष्करी गव्हर्नर झाले आणि जून १९६२ पर्यंत कारभार त्यांच्याकडे राहिला.

लष्कराच्या ताब्यातल्या प्रदेशाला कायद्याची चौकट देण्याचे काम मार्च १९६२ मध्ये झाले. ५ मार्चला राष्ट्रपतींनी गोवा, दमण आणि दीव (प्रशासन) अध्यादेश काढला. त्याच महिन्यात संसदेने त्याची जागा घेणारा कायदा केला. सोबत बारावी घटनादुरुस्ती झाली. तिने गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश म्हणून २० डिसेंबर १९६१ पासूनच संविधानात आणला आणि अनुच्छेद २४० खाली घातला. म्हणजे तिथे राष्ट्रपतींना विनियम करण्याचा अधिकार मिळाला.

प्रशासन कायद्याचे कलम ५ फार महत्त्वाचे आहे. सक्षम विधिमंडळ बदलत नाही तोवर पूर्वीचे कायदे चालू राहतील, असे ते सांगते. राजवट पोर्तुगालची गेली, पण एका रात्रीत सगळे कायदे गेले असते तर जमिनीचे व्यवहार, लग्ने आणि वारसा हे सगळेच अधांतरी लटकले असते. म्हणून जुने चालू ठेवायचे आणि नवे टप्प्याटप्प्याने आणायचे, असा मार्ग घेतला गेला. १९६२ आणि १९६३ च्या राष्ट्रपतींच्या दोन 'कायदे' विनियमांनी भारतातले अनेक कायदे गोव्याला लागू केले.

जे बदलले नाही ते आजही आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतल्या काही तरतुदी गोव्यात चालतात. ही संहिता आता परकी नसून संसदेच्या कायद्यामुळे भारतीय कायद्याचाच भाग झाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या कुतिन्यु खटल्यात स्पष्ट केले.

नागरिक कोण? एक महिन्याची मुदत

मार्च १९६२ मध्येच केंद्र सरकारने नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ खाली गोवा, दमण आणि दीव (नागरिकत्व) आदेश काढला. जी व्यक्ती, किंवा जिचे आईवडील वा आजीआजोबा, २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मले, ती व्यक्ती भारतीय नागरिक मानली गेली. ज्यांना पूर्वीचे नागरिकत्व ठेवायचे होते त्यांनी एका महिन्यात तसे लेखी कळवायचे होते.

मोंतेरो नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले. राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावरही ते गोव्यात राहिले आणि त्यांच्यावर खटला झाला. युद्धकाळात ताब्यात असलेल्या प्रदेशातील लोकांना जिनिव्हा करार जे संरक्षण देतो ते आपल्याला मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ते नाकारले. ताबा संपून विलीनीकरण झाले, की तो प्रदेश 'व्याप्त' राहत नाही, असा निकालाचा अर्थ.

पैसा, नोकऱ्या आणि गहाण सोने

कारभार सावरणे म्हणजे लोकांचा व्यवहार सावरणे. एस्कुदो जाऊन रुपया आला. पोर्तुगीज बँकांमध्ये अडकलेल्या ठेवी आणि देणी सोडवण्यासाठी १९६२ मध्ये बँक पुनर्रचना विनियम आला. 'बांकू नासियोनाल उल्त्रामारिनु' या बँकेकडे लोकांनी गहाण ठेवलेले दागिने आधीच लिस्बनला गेले होते. पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले, आणि ते सोने परत यायला १९९१ साल उजाडले. विनियमाची सत्ता भारताच्या हद्दीपुरतीच होती. लिस्बनच्या तिजोरीतले सोने आणायला दोन देशांमध्ये समझोता लागला.

जुन्या राजवटीतल्या नोकरदारांच्या सेवाशर्तींसाठी संसदेने १९६५ मध्ये वेगळा कायदा केला. कूळ कायदा मात्र १९६४ चा आणि मुंडकारांना घराच्या जागेवरून हुसकण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ चा. हे दोन्ही कायदे गोव्याच्या निवडून आलेल्या विधानसभेने केले. कष्टकऱ्याच्या जमिनीचा आणि घराचा प्रश्न वरच्या सहीने सुटला नाही. तो सुटायला त्याच्या मताची किंमत असलेले सभागृह लागले.

ही विधानसभा डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीतून आली आणि दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. विधानसभेची पहिली बैठक झाली, की राष्ट्रपतींचा विनियम करण्याचा अधिकार थांबतो, अशी तरतूद अनुच्छेद २४० मध्येच आहे. पुढे महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्याआधी डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकर सरकार पायउतार झाले आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. ३० मे १९८७ रोजी तो राज्य झाला.

१९६८ चा आदेश आणि बौद्ध

आता आपल्या प्रश्नाकडे. गोवा मुक्त झाला १९६१ मध्ये, पण तिथल्या अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने आली ती १९६८ मध्ये. भंगी (हाडी), चांभार, महार, महयावंशी (वणकर) आणि मांग अशा पाच नोंदी त्यात होत्या. मधल्या काळात संविधान लागू होते, अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता बेकायदा होती, पण यादीच नसल्याने यादीवर उभे असलेले हक्क नव्हते.

यादी आली तेव्हा धर्माची अटही आली. १९५० च्या मूळ आदेशाच्या परिच्छेद ३ प्रमाणे हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नव्हती. १९५६ मध्ये त्यात शीख धर्म जोडला गेला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या यादीतून ते सगळे बाहेर पडले. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्यस्थापनेपासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. गोव्याच्या १९६८ च्या आदेशात मात्र हिंदू आणि शीख हीच मर्यादा होती. म्हणजे घाटाच्या वर ज्याला बौद्ध म्हणून राज्याची सवलत होती, त्याचाच गोव्यातला धम्मबांधव यादीबाहेर होता.

हे बदलले १९९० मध्ये. व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात संसदेने अनुसूचित जाती आदेश (दुरुस्ती) कायदा करून 'बौद्ध' हा शब्द घातला. धम्मदीक्षेपासून ३४ वर्षे गेली. यादी संसदच बदलू शकते, हा नियम इथे दोन्ही बाजूंनी काम करतो. बदल व्हायला एक पिढी लागते, पण झालेला बदल एखादे सरकार रात्रीतून सही करून काढू शकत नाही. न्यायालयही यादीत शब्द घालू वा वगळू शकत नाही, हे 'महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद' (२०००) या निकालात घटनापीठाने सांगितले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांचा प्रश्न अजून उभाच आहे. त्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमला.

आदेश कोणाचा, टिकतो किती?

कोल्हापूरकरांना आदेशाची ताकद सांगायला नको. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखल्या, तोही आदेशच होता. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर याच संस्थानाच्या आधिपत्याखाली होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. हक्क पुढे टिकला तो संविधानात कलम म्हणून लिहिला गेल्यामुळे.

उलटे उदाहरण अमेरिकेचे. यादवी युद्धाच्या शेवटी, जानेवारी १८६५ मध्ये, जनरल शर्मन यांच्या लष्करी आदेशाने किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या गुलामांच्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत देण्याचे ठरले. लिंकन यांच्या हत्येनंतर आलेले राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत दिली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या चळवळीला अर्पण केली, तिने गुलामी घटनादुरुस्तीने संपवली होती. ती दुरुस्ती टिकली. आदेशाने दिलेली जमीन टिकली नाही.

दाखल्याबाबत लक्षात ठेवायचे

एक : यादी राज्यनिहाय असते. महार ही नोंद महाराष्ट्रात आहे आणि गोव्यातही आहे, तरी महाराष्ट्राच्या दाखल्यावर गोवा राज्याच्या नोकरीत राखीव जागा मागता येत नाही. 'मर्री चंद्रशेखर राव' (१९९०) आणि 'बीर सिंग' (२०१८) हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्यासाठी वाचावेत. केंद्र सरकारच्या नोकरीत मात्र मूळ राज्याचा दाखला चालतो.

दोन : १९९० च्या दुरुस्तीने धर्माची अडचण दूर केली, जातीची नोंद नव्हे. 'बौद्ध' ही यादीतली जात नाही. म्हणून केंद्राच्या कामासाठी लागणाऱ्या दाखल्यात पूर्वीच्या जातीचा उल्लेख लागतो. तो शब्द सोडण्यासाठीच धम्म घेतला, हे तरुणांचे म्हणणे खरे आहे. पण अर्ज भरताना तो उल्लेख टाळला तर नुकसान अर्जदाराचे होते. बदल हवा असेल तर मागणी संसदेकडे करावी लागेल.

तीन : १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना आपल्या तालुक्यातील घरांनी संस्थानकाळातले कागदही पाहावेत. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची कोतवाल बुकातली नोंद आणि जमिनीचे जुने उतारे उपयोगी पडतात. १९४९ पूर्वीचे संस्थानी दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयात आहे. पावसाळ्यात घरातले जुने कागद भिजतात, त्यामुळे मिळालेल्या प्रत्येक कागदाची प्रमाणित प्रत आधी काढून घ्यावी.

चार : कोणतीही बातमी 'राष्ट्रपतींचा आदेश' म्हणून आली की तीन गोष्टी विचाराव्यात. हा अध्यादेश, विनियम की ३४१ चा आदेश? तो कोणत्या अनुच्छेदाखाली आहे? आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, की आपले निवेदन तहसीलदारांकडे द्यायचे की खासदारांकडे, हे ठरते.

जय भीम!