रुमालाखालचा सौदा

आजच्या रायगड, म्हणजे 1981 पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे भात व मीठ पेण-पनवेलच्या खाडीबंदरांतून गलबतांनी मुंबईस जाई. गलबतांच्या त्या काळी मुंबई इलाख्यातील अनेक बाजारांत ‘हत्ता’ पद्धत रूढ होती. तीत दलाल व खरीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि मालाचा धनी शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला आकडा कळत नसे. शेतकऱ्याच्या वतीने बोलणारा अडत्या, म्हणजे दलालीवर माल विकून देणारा मध्यस्थ, पुष्कळदा व्यापाऱ्याशीच बांधलेला असे, आणि खरा अन्याय तोच होता. 1928 मध्ये शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली व 1939 मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. अडत्यासारखेच छुपेपणाने विक्रेत्याशी बांधलेले मध्यस्थ आजही आहेत; कोणत्याही वस्तूची पैसे घेऊन समाजमाध्यमांवर स्तुती करणाऱ्याने ती जाहिरात असल्याचे सांगावे, हा भारतीय जाहिरात मानक परिषदेचा दंडक मात्र 2021 चा आहे.