नाहरगडाची चढण

जयपूरला पोस्टिंग आल्यावर पहिल्याच मोकळ्या रविवारी नाहरगड चढायचं ठरवलं. आमेरकडून वर थेट गाडीरस्ता जातो, पण आम्ही जुन्या वस्तीतली पायवाट धरली. सोबत युनिटमधले शेखावाटीचे सुभेदारसाहेब होते. घरांची शेवटची रांग संपली की दगडी फरसबंदीची नागमोडी चढण सुरू होते. दोन्ही बाजूंना धोकाची खुरटी झाडं, मधूनच मोराची केका. रोज पीटी करणाऱ्यालाही तिसऱ्या वळणावर धाप लागते. वरच्या तटावरून प्रत्येक वळण दिसतं. चिलखत घालून, वरून मारा होत असताना हा चढ चढायचा म्हणजे काय, हे इथे पायांनाच कळतं.

सवाई जयसिंहाने हा किल्ला १७३४ साली बांधला. त्याच वर्षी हुरडा इथे राजपूत राजे जमले होते. विषय एकच होता, मराठ्यांना कसं थोपवायचं. आपण लहानपणापासून किल्ले पाहतो ते आपल्या बाजूने. इथे तटावर उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवलं की या भिंतींना ज्यांची धास्ती होती, ते आपणच.

वरून सारं जयपूर पटासारखं दिसतं. सरळ रस्ते, काटकोनातले चौक आणि त्यात उठून दिसणारा ईसरलाट मनोरा. जयसिंहाच्या मागे गादीवर आलेल्या ईश्वरीसिंहाने तो विजयाची खूण म्हणून उभारला. पण त्याचा सावत्रभाऊ माधोसिंह गादी मागत होता आणि मल्हारराव होळकर त्याच्या पाठीशी होते. ऑगस्ट १७४८ मध्ये बगरूला ईश्वरीसिंहाला नमतं घ्यावं लागलं. कबूल केलेली रक्कम थकली. डिसेंबर १७५० मध्ये होळकरांची फौज वसुलीला जयपूरच्या वेशीजवळ आली, तेव्हा त्याने विष घेऊन आयुष्य संपवलं. गडावर हल्ला करायची गरजच पडली नाही.

माधोसिंह आपल्या मदतीने राजा झाला. त्याच्याकडेही मागणी वाढतच गेली. १० जानेवारी १७५१ रोजी आपली हजारो माणसं शहर आणि देवळं पाहायला म्हणून वेशीच्या आत गेली होती. दुपारी शहर त्यांच्यावर उठलं. मध्यरात्रीपर्यंत कत्तल चालली. इतिहासकार सुमारे तीन हजारांचा आकडा देतात. त्यांतले बहुतेक लढाईला आलेच नव्हते.

सुभेदारसाहेबांना हे सांगितलं. ते थोडा वेळ खालच्या गल्ल्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साब, मेहमान भी मरे, और जिसके घर मरे उसकी भी बदनामी हुई."

या कत्तलीचं समर्थन होऊच शकत नाही. पण सैनिकाने पुढचा प्रश्नही विचारायला हवा: ज्याला आपण गादीवर बसवलं, त्याच्याच शहरात आपल्याबद्दल इतका राग का साचला? रणांगण आपण जिंकलं, पण वसुलीपलीकडे नातं जोडलं नाही. १४ जानेवारी १७६१ ला, म्हणजे बरोबर दहा वर्षं आणि चार दिवसांनी, भाऊसाहेब पानिपतावर अब्दालीसमोर उभे राहिले, तेव्हा जयपूरची फौज सोबत नव्हती. पराभवाची कारणं अनेक आहेत, त्यांतलं हे एक. ते दिल्लीच्या उत्तरेला नाही, इथे जयपूरच्या गल्ल्यांत सापडतं.

उतरताना गुडघे बोलू लागले. सुभेदारसाहेबांनी न मागता हात पुढे केला. आज आम्ही दोघं एकाच मेसमध्ये जेवतो, एकाच झेंड्याला सलाम करतो. त्या दिवशी त्या हाताची किंमत मला जरा जास्त कळली.

मंडळी, जयपूरला आलात तर हवामहलासमोर फोटो जरूर काढा. पण एकदा नाहरगड पायी चढा. पाणी सोबत ठेवा आणि ऊन चढायच्या आत वर पोहोचा.