रॉक अँड रोल पुनरुज्जीवन
एकोणीसशे पन्नाशीच्या दशकातील रॉक अँड रोल संगीताविषयी उत्तर अमेरिकेत १९६९ पासून उसळलेली स्मरणरंजनाची लाट. अवघ्या दहा-बारा वर्षांपूर्वीची गाणी ‘जुनी’ ठरून तिकीट लावून ऐकविली जावीत, हे तिचे वैशिष्ट्य होय. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक महोत्सवात शा ना ना या वृंदाने ती गीते जुन्या वेशभूषेसह सादर केली. सप्टेंबरमध्ये कॅनडातील टोराँटो येथे चक बेरी, लिट्‌ल रिचर्ड, बो डिडली प्रभृती एकाच रंगमंचावर आले. व्हिएटनाम युद्ध व १९६८ मधील राजकीय हत्या यांनी व्यथित झालेल्या पिढीला आपले कुमारवय निरागस भासू लागले होते. वस्तुतः त्याच काळी दक्षिणेकडील अनेक सभागृहांत गोऱ्या व काळ्या श्रोत्यांमध्ये दोर बांधला जाई. त्याचा सोयीस्कर विसर पडला. १९६२ मधील एक रात्र रंगविणाऱ्या अमेरिकन ग्राफिटी (१९७३) या चित्रपटात काळ्या गायकांची अनेक गीते वाजतात, पण प्रमुख पात्रे गोरीच आहेत.

या लाटेने जुन्या गायकांना पुन्हा श्रोते दिले. मात्र बदलण्याची मुभा दिली नाही. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १५ ऑक्टोबर १९७१ रोजी लांब केस राखून आलेल्या रिक नेल्सनने नवे गीत आरंभताच त्याची हुर्यो उडाली. ती पोलिसांना उद्देशून होती, असेही सांगतात. नेल्सनने ती स्वतःवरच घेतली आणि त्या प्रसंगावर ‘गार्डन पार्टी’ (१९७२) हे गीत रचले. तेच त्याचे अखेरचे मोठे यश ठरले.